बेदाण्याचा हंगाम आणि ढेकळ्या

शेडला हिरवी जाळी लागली की आमच्याकडे उन्हाळा आला असं समजायचं, कॅलेंडर काहीही म्हणो. तासगावच्या पूर्वेला आमची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या वरच्या अंगाला, वारं मोकळं लागेल अशा जागी, बेदाण्याची शेड. लोखंडी खांब, वर पत्रा आणि खांबांच्या मध्ये एकावर एक अशा जाळ्यांच्या दहा-अकरा रांगा. त्यांना आम्ही रॅक म्हणतो. बागेतून क्रेट येतात, द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून द्रावणाच्या टाकीत बुडून निघतात आणि जाळ्यांवर पसरली जातात. मग पंधरा दिवस काही काम नसतं असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर त्या पंधरा दिवसांत आम्ही मान वर करून आभाळाकडे बघत असतो, आणि त्यानेच जास्त दमायला होतं.

पंधरा-सोळा दिवसांपूर्वी यंदाचा पहिला क्रेट टाकीत गेला. द्रावणाचा तो थोडा तेलकट, थोडा साबणासारखा वास उठला. वर्ष झालं, आता काही होणार नाही, असं मी स्वतःला बजावून आले होते. पण वास नाकात गेला आणि मी सवयीने वाकून सगळ्यात खालच्या जाळीखाली बघितलं. तिथे गार माती होती, बाकी काही नव्हतं. रखमा माझ्याकडेच बघत होती. रखमा म्हणजे आमच्या शेडवरची सगळ्यात जुनी बाई, माझ्यापेक्षा तिला तिथलं जास्त कळतं. तिने तोंड फिरवलं आणि उगाचच कुणाला तरी क्रेट नीट लावत नाही म्हणून झापलं.

त्या खालच्या जाळीखाली ढेकळ्या झोपायचा. आमचा कुत्रा. गेल्या वर्षी याच हंगामात आम्ही त्याला इंजेक्शन देऊन झोपवला. 'झोपवला' हा शब्द दवाखान्यातला. मी तो वापरते, कारण दुसरा शब्द अजून तोंडातून निघत नाही.

तो आला तो नांगरटीच्या दिवसांत. बागेशेजारचं काळं रान नुकतंच नांगरलं होतं, पायाएवढाली ढेकळं वर आली होती, आणि त्यातलं एक ढेकूळ हललं. माझा नवरा विलास (घरात मी त्याला अहो म्हणते, कागदावर अरे चालतं) ते हललेलं ढेकूळ डोक्यावरच्या टोपीत घालून घरी घेऊन आला. आप्पा, म्हणजे माझे सासरे, सोप्यात बसले होते. त्यांनी टोपीत हात घातला, चाचपलं आणि म्हणाले, "ढेकूळ आणलंस व्हय रं घरात?" झालं, बारसं उरकलं. पुढे मी त्याला चांगलंसं नाव द्यायचा प्रयत्न केला होता. तो त्या नावाला ढुंकूनही बघायचा नाही.

राखणदार म्हणून तो अगदी कुचकामी होता. इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला माणूस दिसला की अंगावर जायचा, त्यामुळे आमच्याकडे येणारे व्यापारी गाडीतून उतरायचेच नाहीत. बाकी कुणीही यावं, काहीही न्यावं. शेजारच्या मळ्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा हा बांधावर बसून शेपूट हलवत होता, अशी आम्ही त्याची टर उडवायचो. पण शेडचा हंगाम सुरू झाला की त्याच्यात काहीतरी बदलायचं. पहाटे बायका येण्याआधी तो शेडवर हजर. उन्हं चढली की खालच्या जाळीखाली शिरायचा. वरच्या जाळ्यांतून एखादा सुकत आलेला दाणा गळायचा, तो जिभेने टिपायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. हंगाम सरेपर्यंत त्याच्या अंगावर तकाकी यायची. बेदाण्याची तकाकी आहे ती, असं आम्ही आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचो.

आणि पहिल्या मुठीची गोष्ट. ती प्रथा माझी, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. आमच्याकडे रानातलं पहिलं काहीही निघालं की बांधावरच्या राखणदाराच्या दगडापुढे ठेवतात. मी एका वर्षी थट्टेत म्हटलं, आपला राखणदार तर इथे शेपूट हलवतोय, त्यालाच द्या. रॅक झाडल्यावर निघालेल्या पहिल्या बेदाण्याची मूठ मी त्याच्यापुढे धरली. त्याने माझा तळवा चाटून साफ केला. सगळे हसले, आप्पाही हसले. दुसऱ्या वर्षी रखमानेच आठवण करून दिली, की वैनी, पहिली मूठ द्यायची ऱ्हायली. घरातल्या प्रथा अशाच पडत असाव्यात. चेष्टेत एकदा काहीतरी होतं, आणि तिसऱ्या वर्षी ते चुकलं तर मनाला लागायला लागतं.

बेदाण्याचं माझं वेड मात्र जुनं आहे, तासगावच्या आधीचं. माझं माहेर वाईचं. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान होतं. कापूर, कुंकू, वाती, खडीसाखर, आणि वरच्या फळीवर काचेच्या बरणीत बेदाणे. त्या बरणीला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. परीक्षेत चांगले मार्क पडले किंवा ताप उतरला की वडील स्वतः बरणी खाली काढायचे आणि तळहातावर दोन बेदाणे ठेवायचे. तिसरा कधीच नाही. मी ते गालात धरून शाळेपर्यंत पुरवायची. सत्यनारायणाच्या शिऱ्यात कुणाच्या द्रोणात किती आले यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या झालेल्या आहेत. आणि लग्न होऊन आले ती अशा घरात, जिथे बेदाणा फावड्याने ओढतात. पहिल्या वर्षी तर मला त्या ढिगाजवळून चालताना चप्पल काढावीशी वाटायची.

ज्याच्यावर जीव आहे त्याला बेदाणा द्यायचा, हे माझ्या डोक्यात इतकं आधीपासून बसलेलं होतं. त्यात वाईट काही असू शकेल, हा विचार शिरायला तिथे जागाच नव्हती.

गेल्या वर्षी माल अगदी सुकत आला आणि अवकाळी पाऊस झाला. संध्याकाळी चार वाजता जतच्या दिशेने आभाळ काळं झालं, वावटळ सुटली, पाठोपाठ गारा. आम्ही प्लास्टिकचे पडदे सोडेपर्यंत पूर्वेकडच्या दोन रॅक भिजल्या होत्या. भिजलेला बेदाणा काळा पडतो आणि त्याला कुणी विचारत नाही. पाऊस उघडल्यावर तो आम्ही वेगळा काढला आणि शेडच्या मागे ताडपत्रीवर ढीग मारून ठेवला. बाकीचा माल वाचवायची घाई होती, त्यामुळे ढिगाकडे पुन्हा बघायला कुणी गेलं नाही. ढेकळ्या गेला. आजवर त्याला दाणा दाणा गळलेला टिपावा लागत होता. आता समोर ढीग होता आणि हाकलायला कोणी नव्हतं.

रखमाने बघितलं. ती मला येऊन म्हणाली, "वैनी, त्यो मागं लय खातोय बगा. हाकलू का?"

मी तेव्हा पडद्यांच्या दोऱ्या सोडवत होते, अंगात चीड भरलेली होती. मी म्हटलं, "खाऊ दे गं. पावसानं एवढा नेला, त्यानं खाल्ला तर काय बिघडलं."

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. भांडी घासताना ऐकते, एसटीत ऐकते. त्यात प्रेमही होतं, हे मला सांगायलाच हवं. वैतागलेलं होतं, पण प्रेमच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उलट्या केल्या. कुत्री गवत खाऊन उलट्या करतातच, आम्ही लक्ष दिलं नाही. दुपारी तो जाळीखाली गेला नाही, उन्हातच पडून राहिला. मी हाक मारली तर नुसती शेपटी जमिनीवर आपटली. त्याच्या पुढच्या दिवशी विलासने त्याला पिकअपमध्ये घातला आणि आम्ही सांगलीला नेला. मागे हौद्यात मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. रस्त्याने दोन्ही बाजूंना बागा होत्या, शेडवर हिरव्या जाळ्या हलत होत्या, आणि तो मान उचलून प्रत्येक शेडकडे बघत होता. आपली कुठली ते शोधत असावा.

दवाखाना गल्लीत होता, विलासला गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून तो आम्हाला उतरवून पुढे गेला. आत डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, नुकतीच तिथे आलेली. हात हलके होते तिचे. ढेकळ्याने एवढं दुखत असूनही तिचं मनगट चाटलं. तिने पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, कधीपासून, किती वेळा, असं एकेक विचारत लिहून घेत गेली. मी भाकरी, दूध, शिळी आमटी, सगळं सांगितलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेत का त्याने?"

आता इथे मला थोडं थांबून आमच्या लोकांबद्दल सांगायला हवं. द्राक्षवाल्याला कुणी असा प्रश्न विचारला की त्याला फक्त एकच गोष्ट ऐकू येते, औषधाची फवारणी. तुमच्या मालात औषधाचा अंश आहे का, तुम्ही काय मारता, किती मारता. आदल्याच आठवड्यात एक व्यापारी आमचा बेदाणा चिमटीत धरून, नाकाशी नेऊन, असं काहीबाही बोलून गेला होता. वर्षभर डोळ्यांत तेल घालून माल पिकवायचा आणि कुणीतरी यावं आणि चिमटीत धरून संशय घ्यावा. त्या संशयाचं उत्तर आम्हा सगळ्यांच्या ओठांवर कायम तयार असतं. तिने विचारलं, आणि ते तयार उत्तर माझ्या तोंडून सुटलं.

"आमचा बेदाणा लहान लेकरं खातात, मॅडम. त्यात औषधाचा अंश काढून दाखवा. त्यानं कुत्र्याला काय होतंय?"

ती गोंधळली. म्हणाली, "तसं नाही हो. खाल्लाय का, एवढंच विचारतेय."

"नाही," मी म्हटलं.

हे 'नाही' मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. विलास तिथे असता तर त्याने सरळ सांगितलं असतं, कारण त्याचा स्वभाव सरळ आहे. मी चिडले होते आणि चिडल्यावर माझ्या जिभेला हाड राहत नाही. वर मला असंही वाटलं, की मी तिला चांगलं गप्प केलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात विलास आत आला आणि विषय गोचिडतापाकडे गेला. तिने उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, थोडं सलाईन दिलं, रक्त काढून तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी या म्हणाली, आणि लघवी होतेय का यावर लक्ष ठेवा, झाली नाही तर लगेच या, असं दोनदा बजावलं.

मी लक्ष ठेवलं नाही. हेही लिहून टाकते. वाचलेला माल झाडायची वेळ झाली होती. रॅक झाडायची म्हणजे जाळ्या हलवून सगळा बेदाणा खाली पाडायचा, काड्या वेगळ्या करायच्या, आणि हे उन्हं तापायच्या आत. पहाटे जायचं आणि दिवेलागणीला यायचं. ढेकळ्या घरी सोप्यात आप्पांच्या बाजेखाली पडून होता. आप्पांना काचबिंदूमुळे आता उजेड आणि अंधार याच्यापलीकडे काही दिसत नाही, शेडवर येण्याचं त्यांनी कधीच सोडलंय. ते बाजेवरून हात खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवून बसायचे. संध्याकाळी मी विचारायची, कसा होता. आप्पा सांगायचे, जरासं पाणी प्याला. मला बरं वाटायचं. मी हातपाय धुवून भाकरी टाकायला बसायची, आणि लघवी केली का हे विचारायचं राहून जायचं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला ते विचारून काय कळणार होतं, तो भाग वेगळाच.

तिसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. तोंडाला विचित्र वास मारत होता, जीभ कडेने पांढरी पडली होती, आणि सगळं अंग मधूनमधून थरथरत होतं. सांगलीला पोहोचलो तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आलेला होता. डॉक्टरने तो वाचला, विलासला सलाईनच्या बाटल्या आणायला खालच्या दुकानात पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"मी परत विचारते," ती म्हणाली, "रागावू नका. बेदाणा खाल्ला होता का?"

मी होकारार्थी मान हलवली.

मग तिने सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला बाधतात. सगळ्यांना नाही. एखादं कुत्रं जन्मभर खातं आणि काही होत नाही, एखाद्याला एका दिवसात होतं, आधी कळत नाही. औषधाचा, फवारणीचा काही संबंध नाही. तो बेदाणाच, चांगला, धुतलेला, लहान लेकरं खातात तोच. माझं माहेर, माझं सासर, वडिलांची बरणी, सगळं त्या टेबलाभोवती उभं आहे असं मला वाटलं. मी विचारलं, परवा सांगितलं असतं तर? तिने रिपोर्ट मिटला. म्हणाली, सांगता येत नाही, पण त्याच दिवसापासून सलाईन जोरात सुरू केलं असतं, लघवीवर लक्ष ठेवलं असतं, कदाचित निभावला असता. आणि मग तिने एक गोष्ट सांगितली, जी न सांगता तिला चालली असती. "तुम्ही चिडलात म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

ती माझी मुलगी शोभेल एवढ्या वयाची होती. तिने तिचा वाटा उचलला. मी माझा उचलला नाही, मी नुसती ढेकळ्याच्या कानाशी बोटं फिरवत उभी होते.

पुढे तिने दोन मार्ग सांगितले. सलाईन लावून आणखी दोन-चार दिवस बघायचं. मूत्रपिंडं आता काम करत नाहीत, त्यामुळे आशा फारशी नाही, आणि ते दिवस त्याला फार जड जातील. नाहीतर त्याला इथेच सोडवायचं. तुम्ही घरी बोला, सावकाश ठरवा, असंही ती म्हणाली. मी सावकाश ठरवलं नाही. मी म्हटलं, सोडवा.

दार उघडलं तेव्हा विलास जिना चढून वर आला होता, दोन्ही हातांत सलाईनच्या बाटल्या. मी त्याला म्हटलं, त्या आता नकोत. त्याने मला एकदाही का म्हणून विचारलं नाही, आणि डॉक्टरनेही त्याला एवढंच सांगितलं की किडन्या गेल्यात. त्याने बाटल्या हळूच बाकावर ठेवल्या.

ढेकळ्याचा त्रास मी डोळ्यांनी पाहत होते. त्याला सोडवायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण एका मिनिटात 'सोडवा' म्हणणारी बाई फक्त त्याच्यासाठी म्हणत होती का, याची खात्री मला देता येत नाही. तो चार दिवस तिथे पडून राहिला असता, तर विलास रोज आला असता, आप्पांनी रोज विचारलं असतं, काय झालं, कशानं झालं, आणि कधी ना कधी माझं ते 'नाही' बाहेर आलं असतं. मला ते संपायला हवं होतं. त्याच्या त्रासाच्या मागे मी माझी चूक लपवली, असं मला शेडवर एकटी असताना वाटतं, आणि मग कितीही काम काढलं तरी ते वाटणं जात नाही.

त्याचं डोकं माझ्या हातांवर होतं. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे वर करून माझ्याकडे बघितलं, तक्रार म्हणून नाही, पहिली मूठ पुढे धरल्यावर बघायचा तसंच. मग माझ्या हातांवर त्याचं वजन एकदम वाढलं. डॉक्टरने छातीला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली.

विलासने त्याला बांधावर कडुलिंबाखाली पुरला. आप्पा माझ्या खांद्याला धरून तिथपर्यंत आले, खाली बसले, आणि ओली माती हाताने थापटत राहिले. "सुटला गं पोरगा," एवढंच म्हणाले.

मग सगळ्यांनी माझं कौतुक केलं. हे मला फार जड गेलं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, सुमन धीराची, आम्हाला नसतं जमलं. विलास पाहुण्यांना सांगायचा, मी तर बाहेरच होतो, हिने ठरवलं, बरं केलं. रखमा मात्र काही बोलली नाही. तिने मला ढिगाबद्दल विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, हे तिला आठवत असणार. पण ढीग आणि मरण यांचा संबंध तिला कुणी सांगितलेला नव्हता, आणि मीही सांगितला नाही. मी फक्त तो ढीग त्याच आठवड्यात खड्डा काढून बुजवायला लावला. खराब झाला म्हणून, असं सांगितलं.

वर्ष कसं गेलं ते गेलं. पावसाळ्यात कडुलिंबाखालची माती खचली, विलासने तिथे दोन पाट्या भर टाकली. छाटण्या झाल्या. डाळिंबवाल्या शेजाऱ्याने एक पिल्लू देऊ केलं, मी नको म्हटलं, आणि का नको ते सांगता न आल्याने त्याला माझा राग आला. आणि आता पुन्हा मार्च. यंदा आभाळ स्वच्छ आहे, वारं कोरडं आहे, माल सोन्यासारखा सुकतोय. या हंगामाइतका चांगला हंगाम आम्हाला क्वचितच मिळाला असेल, आणि प्रत्येक चांगला दिवस मला टोचतो. काल पहिली रॅक झाडली. विलासने सवयीने मूठ भरली, उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं. मग ती मूठ त्याने परत ढिगात सोडली आणि हात झटकले.

मी काल रात्री ठरवलं, की हे आता सांगून टाकायचं. विलासला सांगेन तेव्हा सांगेन, तो माझ्यावर चिडेल आणि महिन्याभरात विसरेल. पण आधी आप्पांना. त्या कुत्र्याने आमच्यापैकी सगळ्यात जास्त वेळ काढला तो आप्पांसोबत. दिसेनासं झाल्यापासून परसदारी जाताना ते त्याच्या पाठीवर हात ठेवून जायचे. आपल्या सोबत्याला कशानं नेलं, हे कळण्याचा त्यांचा हक्क होता. आज दुपारी शेडवरून लवकर आले, त्यांच्या बाजेशेजारी खाली बसले. म्हटलं, आप्पा, ढेकळ्याबद्दल थोडं बोलायचं होतं.

आप्पांचा चेहरा उजळला. वर्षभर घरात कुणी त्याचं नावच काढलं नव्हतं, आणि मी काढल्याचा त्यांना आनंद झाला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तेच बोलायला लागले.

"आगं, मीबी कुनाला बोललो न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमी समदी शेडवर हुता तवा मी त्याला बेदानं भिजवून त्येचं पानी पाजत हुतो. आमची म्हातारी आजाऱ्याला त्येच द्यायची. दुसरं काय बी घेत नव्हता बघ त्यो, पर तेवढं माज्या हातनं घ्यायचा. दोनी दिवस घेतलं त्यानं. मागनं दाणंबी चारलं चिमटी चिमटी. जाताना पोटात कायतरी ग्वाड गेलं त्याच्या, लय समाधान हाय मला त्याचं."

त्यांनी हात पुढे केला होता, चिमटी कशी धरायचे ते दाखवायला. पहिल्या दिवशी मी त्या डॉक्टर मुलीला हो म्हटलं असतं, तर तिने बेदाण्याला शिवायचं नाही असं बजावून घरी पाठवलं असतं, आणि आप्पांच्या हातून हे झालं नसतं. माझ्या एका शब्दाने त्यांच्या हातातही ते विष ठेवलं, आणि ते त्याला समाधान म्हणतात.

आप्पांनी विचारलं, "तू काय म्हनत हुतीस?"

मी म्हटलं, "काही नाही आप्पा. आठवण आली म्हणून. तुम्ही चांगलं केलंत."

त्यांनी चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

आता हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून इथे लिहिते आहे. आप्पांना सकाळी चहाबरोबर कुणी ना कुणी पेपर वाचून दाखवतं. विलास असतो, तो नसला तर शेजारपाजारचं कुणी. माझं काही छापून आलेलं दिसलं की लोक आवर्जून त्यांच्यापाशी जाऊन बसतात, सुनेचं कौतुक म्हणून. गावातलं कुणी हे वाचत असेल, तर हात जोडून विनंती आहे. हे त्यांना वाचून दाखवू नका.